गाण्याचे पान आणि मानाची वाटणी

संगीताचे नियतकालिक कसे मांडावे, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक आहे. कागदाचा आकार, अक्षरांचा टाइप, स्तंभांची रुंदी, छायाचित्राची जागा, मुखपृष्ठाचा रंग, एवढ्यावर तो संपावा असे कोणालाही वाटेल. परंतु ज्या समाजाचे गाणे पिढ्यानुपिढ्या ऐकले गेले आणि गाणाऱ्याचे नाव मात्र लिहिले गेले नाही, त्या समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न इतक्यावर संपत नाही. पानावर कोण वर आणि कोण खाली, कोणाचे नाव ठळक आणि कोणाचे बारीक, कोणाचे नावच नाही, याचा निर्णय म्हणजे मांडणी. गावच्या कार्यात ज्यांना सर्वांच्या शेवटी आणि पंगतीबाहेर बसून पान मिळत होते, त्यांना 'मानपान' या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. छापील पानावरही अशीच पंगत बसलेली असते. फरक एवढाच की तिथे वाढप्याला संपादक म्हणतात.

म्हणून आंबेडकरी गाण्यासाठी एखादे नियतकालिक काढू पाहणाऱ्या तरुणाने मांडणीचे प्राथमिक धडे कोणाकडून घ्यावेत, हा प्रश्न वाङ्मयीन आणि सामाजिक समीक्षेच्या कक्षेत येतो. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१

हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत उभा राहतो याला कारण आहे. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे वर्षानुवर्षे राहिले. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या या शाहिराचे बरेचसे लेखन तिथल्या झोपडीत झाले. मुलुंडला विलास घोगरे राहत होते. 'विद्रोह'चे संपादक राजा ढाले विक्रोळीत राहिले आणि २०१९ साली तिथेच गेले. एवढेच नव्हे, तर अक्षर आणि पान यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी संस्थाही याच टापूत आहे. पवईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ साली सुरू झाले. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी १९८३ पासून तिथे अध्यापन केले. संगणकावर आज घरोघरी दिसणारा 'मंगल' हा देवनागरी टाइप त्यांच्याच हातचा.

म्हणजे गाणे येथे आहे, विद्रोही पानाचा वारसा येथे आहे आणि अक्षराची विद्याही येथे आहे. पवई आणि घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर वसाहत यांच्यामध्ये काही किलोमीटरचेच अंतर. तरीही गाणे एकीकडे आणि अक्षरविद्या दुसरीकडे राहिली. दोन्हींना एकत्र आणणारे, आंबेडकरी गाण्यालाच वाहिलेले नियतकालिक आपल्याकडे रुजले नाही. वस्तीतला मुलगा आज महाविद्यालयात माध्यमशिक्षण घेतो, संगणकावर पान लावायला शिकतो. 'संगीताचे मासिक तयार करा' असा स्वाध्याय त्याला दिला तर तो काय करील? तो एक देखणा चेहरा घेईल, त्याच्या डोक्यावर इंग्रजी वळणाचे शीर्षक ठेवील, बाजूला चार चटकदार मथळे टाकील आणि गुळगुळीत कागदाची अपेक्षा करील. दोष त्याचा नाही. त्याच्यासमोर ठेवलेल्या नमुन्यांचा आहे. तेव्हा ते नमुने आधी तपासले पाहिजेत.

२

पहिला नमुना पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या मासिकांचा. 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक नोव्हेंबर १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाला तो साध्या वर्तमानपत्री कागदावर. गुळगुळीतपणा मागाहून आला. आपले अनुकरण त्या गुळगुळीतपणापासून सुरू होते, हा पहिला घोटाळा. दुसरा घोटाळा त्याहून मोठा. त्या मासिकांचे मुखपृष्ठ एका चेहऱ्यावर उभे असते, कारण त्यामागे तारांकित व्यक्तीची बाजारपेठ असते. आपले गाणे एका चेहऱ्याचे नाही. शाहीर एक ओळ टाकतो, कोरस ती उचलतो, ढोलकी तिला चढवते आणि समोर मांडी घालून बसलेल्या बाया टाळी देऊन ती पुरी करतात. या गाण्याला एका चेहऱ्याचे मुखपृष्ठ दिले की कोरस पानाबाहेर जातो. तो वाईट हेतूने बाहेर काढला जात नाही. साच्यात त्याला जागाच नसते.

दुसरा नमुना आपल्याकडील शास्त्रीय संगीताच्या नियतकालिकांचा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे त्या परंपरेतून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे राहिले आणि त्याचे 'संगीत कला विहार' हे मासिक निघाले. प्रा. बी. आर. देवधरांनी त्याचे संपादन केले. पलुस्कर आणि भातखंडे या दोघांनीही आपापल्या स्वरलिपी घडविल्या. तिथल्या पानावर वर राग, ताल, लय, खाली मात्रांची घरे, घराघरांत स्वर, सम, टाळी, खाली यांच्या खुणा. या पानाचा एक मोठा गुण मान्य केला पाहिजे. ते वाचकाला गाणे पुन्हा उभे करता येईल इतकी माहिती देते. गाणे कानातून कागदावर आणणे म्हणजे त्याला प्रतिष्ठा देणे, हे या मंडळींनी ओळखले होते. ज्या कलेकडे तोवर मध्यमवर्ग संशयाने पाहत होता ती कला वर्गाच्या चौकटीत आणि छापील पानावर आली आणि घराघरांत पोचली.

पण त्याच पानाची मर्यादाही पाहिली पाहिजे. मात्रांच्या घरांत स्वर बसतो, जलशातला संवाद बसत नाही. शाहीर मध्येच थांबून श्रोत्यांशी बोलतो, टोमणा मारतो, नाव घेऊन जाब विचारतो. हे बोलणे आमच्या गाण्याचा अर्धा जीव आहे, आणि त्याला त्या कोष्टकात घर नाही. शिवाय हे पान वाचायला आधी वर्गात बसलेले असावे लागते. ज्याला वर्गाचे दार उघडे नव्हते त्याला ते कोष्टक म्हणजे दुसरी पोथीच.

तिसरा नमुना आपला स्वतःचा आहे आणि त्याच्याबद्दल अधिक स्पष्ट बोलणे भाग आहे. पन्नाशीच्या दशकात 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर निघाले. साठोत्तरी काळात अनियतकालिकांची लाट आली आणि प्रस्थापितांच्या छपाईशिवायही वाङ्मय उभे राहते हे तिने सिद्ध केले. ढाले यांनी 'सत्यकथे'वर केलेला हल्ला हा केवळ मजकुरावरचा नव्हता. काय छापण्याजोगे आहे हे कोणी ठरवायचे, या अधिकारावरचा तो हल्ला होता. त्या पाठोपाठ १९७२ साली दलित पँथर आली, 'गोलपिठा' आला. हे सारे आपले वैभव आहे. पण दलित नियतकालिकांची पाने उलटून पाहा. कवितेला स्वतंत्र पान आहे, भोवती मोकळी जागा आहे, कवीचे नाव ठसठशीत आहे. कथेला रेखाचित्र आहे. आत्मकथनावर चर्चा आहेत, परिसंवाद आहेत. गाणे कोठे आहे? गाणे लेखाखाली उरलेल्या जागेत आहे, नाही तर जयंती विशेषांकात आहे, नाही तर नाहीच. समीक्षेतही त्याला 'प्रचारगीत' म्हणून एका वाक्यात वाटेला लावलेले आढळते. आपण 'सत्यकथा' नाकारली, पण तिचे पान स्वीकारले. एकट्याने, मनातल्या मनात वाचायचा मजकूर तेवढा वाङ्मय, हा तिचा निकष आपल्या मांडणीत शिल्लक राहिला. ज्या वस्तीतल्या निम्म्या माणसांना आंबेडकरी विचार वाचून नव्हे तर ऐकून मिळाला, तिच्या वाङ्मयीन पानावर ऐकण्याच्या वाङ्मयाला जागा नसावी, ही विसंगती साधी नाही.

वास्तविक आपल्या नियतकालिकांचा आरंभच गेय पदाने झालेला आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या शीर्षस्थानी बाबासाहेबांनी तुकारामांचा अभंग छापला, १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'च्या शीर्षस्थानी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. मुक्यांच्या नायकाने आपल्या पानाच्या माथ्यावर गाण्याचे पद ठेवले होते. माथ्यावरून ते तळाला कसे घसरले, याचा हिशेब आपल्याच संपादकांनी द्यायचा आहे.

३

चौथा नमुना कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर रस्त्याच्या कडेला चादरीवर मांडलेल्या भीमगीतांच्या पुस्तिका. सोळा नाही तर बत्तीस पाने, हलका कागद, मुखपृष्ठावर निळा कोट घातलेले बाबासाहेब, मागे बुद्ध, कोपऱ्यात गायकाचे गोल छायाचित्र. सुशिक्षित माणूस या पुस्तिकेकडे पाहून हसतो. त्याने तिच्याकडे समीक्षकाच्या नजरेने पाहावे.

गाण्याच्या माथ्यावर एक ओळ असते : 'चाल', आणि पुढे एखाद्या गाजलेल्या चित्रपटगीताचा मुखडा. ही एक ओळ म्हणजे कष्टकऱ्यांची स्वरलिपी आहे. मात्रांची घरे नकोत, वर्ग नको, पेटी नको. वाचणाऱ्याने ओळ वाचली की त्याच्या गळ्यात सूर तयार. नंतर ध्रुवपद आणि त्यापुढे ॥धृ॥, मग कडव्यांना ॥१॥, ॥२॥ असे आकडे. ही खूण पोथ्यांतून आणि अभंगगाथांतून आली आहे, आणि कोरसाने कोठे शिरायचे हे ती नेमके सांगते. पुस्तिका खिशात मावते, चटईवर उघडी ठेवता येते, हाताला ढोलकी असतानाही अर्धवट नजरेने वाचता येते. वापरणाऱ्याचे काम ओळखून वस्तू घडविणे हा अभिकल्पाचा पहिला धडा असेल, तर या पुस्तिका तो धडा न शिकवता शिकलेल्या आहेत.

आणि अखेरच्या कडव्यात येते कवीची नाममुद्रा. संतांपासून चालत आलेली ही रीत वामनदादा कर्डकांनी आपल्या गीतांत नेमाने पाळली. वामनदादा प्रौढ वयापर्यंत निरक्षर होते. मुंबईत मजुरी करताना बाराखडी शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षर पक्के केले. ज्याने रस्त्यावरच्या पाट्यांवरून अक्षर उचलले तो पुढे हजारो माणसांच्या तोंडी जाणारा कवी झाला, हे मांडणी शिकणाऱ्याने लक्षात ठेवावे. मोठे, मोकळे, स्पष्ट अक्षर काढणे हा अशा वाचकाशी वागण्याचा सभ्यपणा आहे. नाममुद्रेचा अर्थही आता कळावा. गाणे हातोहाती जाईल, छापणारा नाव गाळील, गाणारा विसरेल, हे जाणून कवीने आपले नाव वृत्तातच बसविले. ते काढले तर ओळच मोडते.

असे असले तरी पुस्तिकांचे गोडवे गाऊन थांबणे म्हणजे समीक्षा नव्हे. पुष्कळ पुस्तिकांवर साल नसते. संग्राहकाचे नाव मोठे आणि कवीचे नाव कधी असते, कधी नसते. ढोलकीवाल्याचे आणि कोरसाचे नाव तर नसतेच. कागद वाचविण्यासाठी ओळी कोंबलेल्या, मुद्रिते न तपासलेली, जोडाक्षरे फुटलेली. चालीच्या ओळीत चित्रपटगीताचा मुखडा असतो, पण मूळ संगीतकाराचा उल्लेख नसतो. म्हणजे ज्या अन्यायाची तक्रार आपण करतो तोच आपणही पुढे चालवितो. पुस्तिका स्वस्त आहे हा तिचा दोष नाही. ती नाव सांगत नाही हा दोष आहे.

पुढे कॅसेट आली, तिच्या खोक्यातल्या वीतभर कागदावर कंपनी मोठी झाली, गायक मध्यम झाला, कवी नखाएवढ्या अक्षरांत गेला. आज फोन आला आहे. एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात यांचा आवाज फोनवरून घराघरांत पोचला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण फोनवरून फिरणारे गाणे कोणी लिहिले, हे ऐकणाऱ्याला बहुधा कळत नाही. साधन जितके वेगवान होते तितके नाव मागे पडते.

नाव जपता येते, याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे आणि त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव नोंदविलेले असते. जात्यावर बसलेल्या, अक्षर न आलेल्या बाईला ग्रंथकर्त्रीचा मान देणारी ही नोंद मांडणीचाच भाग आहे.

४

आता शिकणाऱ्याने प्रत्यक्ष काय करावे, हे थोडक्यात सांगता येईल.

आकार गाण्यावरून ठरवावा. डेमी अष्टमांश, म्हणजे सुमारे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच पान घेतले, तर समास सोडून चार इंचांची ओळ मिळते. बारा पॉइंटच्या अक्षरात बहुतेक गीतांची ओळ तीत न मोडता बसते. गद्याला दोन स्तंभ चालतील. गाण्याला एकच स्तंभ हवा. ओळ मोडावीच लागली तर ती यतीच्या जागी मोडावी, कारण तिथे गाणाराही श्वास घेतो. दोन ओळींत अंतर मोकळे ठेवावे. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, त्यांना जागा लागते. पाने चारच्या पटीत धरावीत; सोळा पानांचा एक फर्मा हा गरिबाच्या अंकाचा चांगला आरंभ आहे.

ध्रुवपद पहिल्यांदा पूर्ण छापावे. प्रत्येक कडव्यानंतर त्याचे पहिले दोन शब्द आत सरकवून पुन्हा द्यावेत. जागा वाचविण्यासाठी ते गाळणे म्हणजे कोरसाला गप्प बसविणे. शाहिराची ओळ साध्या आणि कोरसाची ओळ ठळक अक्षरात दिली तर वाचक पानावरच जलसा ऐकू लागेल.

टाइप दोनापेक्षा अधिक घेऊ नयेत. मुंबईच्याच 'एक टाइप' या गटाने तयार केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी टाइप कोणालाही विनामूल्य वापरता येतात. पान लावण्यासाठी 'स्क्रायबस'सारखी साधनेही मोफत आहेत. मजकूर मात्र युनिकोडमध्येच ठेवावा. जुन्या टाइपांत जुळवलेली पाने त्या टाइपाशिवाय उघडली की नुसती चिन्हांची रांगोळी दिसते, आणि एका पिढीचे गाणे दुसऱ्या पिढीला वाचता येत नाही.

निळा रंग आपला आहे, म्हणून तो सगळीकडे ओतू नये. अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाच्या वृत्तपत्राची मांडणी एमरी डग्लस करीत. जाड काळी रेषा आणि जोडीला बहुधा एखादाच रंग, एवढ्या सामग्रीवर त्यांनी वस्तीच्या भिंती बोलक्या केल्या. न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली सिस कनिंगहॅम आणि गॉर्डन फ्रीसन या दांपत्याने 'ब्रॉडसाइड' हे चळवळीच्या गाण्यांचे नियतकालिक मिमिओग्राफवर, आपल्या राहत्या घरातून काढले. बॉब डिलनची आरंभीची काही गाणी प्रथम तिथेच छापली गेली. चळवळीच्या गाण्याचे पान भांडवलावाचून अडत नाही, याला याहून वेगळा पुरावा नको.

छायाचित्र कातरताना ढोलकीवाला कापू नये. चौकटीत जितकी माणसे तितकी नावे खाली द्यावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक गाण्याखाली एक चौकट असावी : कवी, चाल आणि तिचा मूळ संगीतकार, गायक, कोरस, ढोलकी, पहिल्यांदा कोठे आणि कोणत्या साली गायले. ही सर्व नावे एकाच आकाराच्या अक्षरांत. या एका नियमासाठी इतर सर्व नियम मोडले तरी चालतील.

५

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की आशय महत्त्वाचा, मांडणी ही सजावट. हा आक्षेप आपल्याच गोटातून येतो म्हणून तो गंभीर आहे. पण ज्यांनी जन्मभर 'तुमची जागा ही नव्हे' हे वाक्य ऐकले, त्यांनी तरी जागेला सजावट म्हणू नये. कोणते गाणे कोठे छापले आणि कोणाच्या नावाने, हा आशयच आहे.

दुसरा असा की आता सर्वांच्या हातात फोन आहे, छापील अंक हवा कशाला? त्याचे उत्तर उपनगराच्या इतिहासात आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरी स्वतःचे जीवन संपविले. त्यांचा आवाज आजच्या तरुणापर्यंत पोचला तो मुख्यतः आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' आणि २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड' या चित्रपटांमुळे. चित्रपटकाराने आपले काम केले. पण शाहिराच्या हयातीत त्याची गाणी साल-तारखेसह, त्याच्या साथीदारांच्या नावांसह छापून ठेवणे हे काम चित्रपटकाराचे नव्हते. ते आपल्या नियतकालिकांचे होते. फोन आवाज साठवतो. संदर्भ, क्रम आणि नाव साठविण्याची जबाबदारी संपादकाचीच राहते. अंकाच्या चौकटीत एक लहानसा चौकोनी संकेत छापला तर वाचक तेच गाणे फोनवर ऐकूही शकतो. दोन्ही साधने एकमेकांची वैरी नाहीत.

तेव्हा महाविद्यालयातल्या आणि वस्तीतल्या तरुणांनी हे काम आता हाती घ्यावे. शिक्षकांनी 'संगीताचे मासिक' हा स्वाध्याय देताना विद्यार्थ्याला आपल्याच गल्लीतल्या गायन पार्टीकडे पाठवावे. त्याने आधी कोरसात कोण कोण आहे याची यादी करावी, ढोलकीवाल्याला त्याचे पूर्ण नाव विचारावे, आजीच्या ओव्या तिच्या नावाने उतरवून घ्याव्यात. ही यादी पुरी झाल्यावर संगणक उघडावा. ज्या अंकाच्या पहिल्या पानावर कोरसाची सर्व नावे असतील, त्याची छपाई थोडी पुसट निघाली तरी वस्ती तो जपून ठेवील.